आजोबांच्या बुलेटला पट्टा नको!

गेल्या सेमिस्टरला आम्ही चौघं मिळून एक गुन्हा करणार होतो. सुदैवाने तो वेळेत फसला. त्या फसलेल्या गुन्ह्याची ही कबुली, आणि त्यातून तयार झालेलं माझं एक ठाम मत. (दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने पोटात घालाव्यात. मताची जबाबदारी मात्र माझी एकटीची!)

तर झालं असं, की टी.ई.ला मिनी प्रोजेक्टचे ग्रुप पडले आणि होस्टेलच्या मेसमध्ये विषयांचा पाऊस सुरू झाला. कुणी म्हणे सोलर अमुक, कुणी म्हणे स्मार्ट तमुक. मी म्हटलं, माझ्या आजोबांची बुलेट आहे. सगळे एकदम गप्प झाले आणि माझ्याकडे बघायला लागले. मुलीच्या तोंडी बुलेट म्हटलं की होतं तसं. आजोबा म्हणजे माझ्या आईचे वडील. पिंपळगाव बसवंतजवळ त्यांची द्राक्षबाग आहे. बुलेट ३५०, आर.सी. बुकावर वर्ष १९७१. म्हणजे माझ्या आईपेक्षाही वयाने मोठी. आजोबा आजही बागेपासून गावापर्यंत तिच्यावरच जातात. पांढरा लेंगा, पांढरी टोपी आणि मागे आवाज... सगळी गल्ली ओळखते.

आजोबांची बुलेटबद्दल एकच तक्रार, चेनच्या तेलाची. डाव्या पायाच्या लेंग्यावर कायम काळे शिंतोडे. आजीच्या साबणाच्या वड्या संपल्या, पण डाग गेले नाहीत. आजीची तक्रार मात्र वेगळी आणि जुनी आहे. माझ्या जन्माच्या आधी, बाजारातून परत येताना तिच्या लुगड्याचा काठ मागच्या चाकात आणि चेनमध्ये अडकला आणि ती खाली पडली. साडी गार्ड आजोबांनीच काढून ठेवलं होतं, क्रेट बांधायला अडचण होते म्हणून! आजीचं मनगट तेव्हापासून थोडं वाकडं आहे. त्या दिवसानंतर ती बुलेटवर बसली नाही. रागावून नाही, नुसतीच बसली नाही.

मग मी ग्रुपला म्हटलं, आपण चेनच काढून टाकू. पट्टा बसवू. दातेरी, आत धाग्यांची मजबुती असलेला, हार्लेला असतो तसा. तेल नको, डाग नको, आवाज नको, वर बंद कव्हर घातलं की काम झालं. प्रोजेक्टचं नावही ठरलं: ‘व्हिंटेज मोटारसायकलचं चेन ड्राईव्हवरून बेल्ट ड्राईव्हमध्ये रूपांतर’. कसलं भारी वाटत होतं सांगू! आजोबांनी फोनवर एवढंच विचारलं, “चालती परत आणशील ना पोरी?” मी म्हटलं, “आजोबा, पहिल्यापेक्षा चांगली.” हे वाक्य मला नंतर फार टोचलं.

आमच्या उत्साहाला पहिली टाचणी लागली ती इतिहासाची. आम्हाला वाटत होतं, चेन म्हणजे जुनं आणि पट्टा म्हणजे नवं. शोधल्यावर कळलं की गोष्ट बरोबर उलटी आहे. गॉटलीब डाइम्लरने १८८५ मध्ये जी दुचाकी बनवली, तिच्या इंजिनाची ताकद चामड्याच्या पट्ट्यानेच मागे जात होती. हार्ले-डेव्हिडसनच्या अगदी सुरुवातीच्या गाड्याही चामड्याच्या पट्ट्यावर चालायच्या. पाऊस आला की पट्टा घसरायचा, सैल पडायचा, आणि चढावर स्वार खाली उतरून ढकलायचा. पट्ट्याचा हा स्वभाव आपल्याला काही नवा नाही. गावच्या पिठाच्या गिरणीत पट्टा घसरायला लागला की गिरणीवाला त्याला राळ लावतो. टी.ओ.एम.च्या पेपरात घट्ट बाजू आणि सैल बाजूच्या ताणाचं जे सूत्र आपण पाठ करतो, त्याचं प्रात्यक्षिक पाच रुपयांच्या दळणात बघायला मिळतं. हान्स रेनॉल्ड या मँचेस्टरच्या माणसाने १८८० मध्ये बुश-रोलर चेनचं पेटंट घेतलं होतं. हळूहळू मोटारसायकलींनी पट्टा टाकून चेन धरली, आणि ती धरायला सबळ कारणं होती. पुढे १९८० मध्ये हार्लेने ‘स्टर्जिस’ या मॉडेलवर पट्टा परत आणला. पण तो दातेरी होता आणि आत अरामिड धाग्यांनी बांधलेला होता. तो घसरत नाही, फारसा ताणला जात नाही, त्याला तेल लागत नाही. म्हणजे पट्टा मधल्या साठ-सत्तर वर्षांत शिकून-सवरून परत आला.

मान्य, पट्ट्याची बाजूही भक्कम आहे. मी स्वतः ग्रुपमध्ये त्याची वकील होते, म्हणून आधी त्याचीच बाजू मांडते. चेन ही खरं तर गोल फिरत नाही, बहुभुज काढत फिरते. पुढच्या स्प्रॉकेटला १७ दात असतील तर प्रत्येक दाताला चेनचा वेग सुमारे पावणेदोन टक्क्यांनी कमी-जास्त होतो. ११ दात असतील तर चार टक्क्यांनी. पट्ट्यात हा धक्का जवळजवळ नसतो. शिवाय उघड्या चेनवर तेल आणि धूळ एकत्र आली की त्याचा पॉलिश पेपर होतो, पिना झिजतात, चेन लांबते, दात वाकून शार्कच्या पंखासारखे होतात. पट्ट्याला यातलं काहीच नाही. आणि पट्टा आपल्याला परकाही नाही. होस्टेलच्या पार्किंगमधली कुठलीही गिअरलेस स्कूटर उघडा, आत पट्टाच आहे. १९८० च्या दशकात आलेल्या कायनेटिक होंडापासून आपल्याकडच्या लाखो आया-मावश्या पट्ट्यावर फिरल्या आहेत. आजच्या एथरसारख्या इलेक्ट्रिक स्कूटरचं मागचं चाकही दातेरी पट्ट्यानेच फिरतं. नवीन गाडी पट्टा धरूनच डिझाईन केली असेल, तर पट्टा उत्तम. माझं भांडण पट्ट्याशी नाहीच आहे.

माझं भांडण आहे ‘बसवू की, त्यात काय!’ या वृत्तीशी. ती माझ्यातच ठासून भरली होती.

कागदावर आमचं गणित छान जुळलं होतं. चेन पाच सुताची, म्हणजे पिच पाच अष्टमांश इंच, १५.८७५ मि.मी. पुढे १७ दात, मागे ३८. आठ मि.मी. पिचचा पट्टा घेतला तर पुढे ३४ दातांची आणि मागे ७६ दातांची पुली. गुणोत्तर तेच, आणि व्यासही जवळजवळ तेच: पुढे ८६, मागे १९३ मि.मी. दात बरोबर दुप्पट! आम्ही त्या रात्री मॅगी पार्टी केली. दुसऱ्या दिवशी ताण काढला. पहिल्या गिअरला पूर्ण जोरात चेनवर येणारी ओढ आमच्या ढोबळ हिशोबाने पावणेचारशे ते चारशे किलो आली. म्हणजे बुलेट उठताना आमच्या अख्ख्या ग्रुपला चेनला लटकवलं तरी ते वजन कमीच. एवढा ताण आठ मि.मी. पिचमध्ये पेलायचा तर पट्टा चेनच्या तुलनेत चांगलाच रुंद हवा. आणि रुंदीला जागा कुठे आहे? एका बाजूला टायर, दुसऱ्या बाजूला चिमटा, पुढे क्लचची पेटी. १९७१ च्या गाडीत कुणी आमच्यासाठी दोन बोटं जास्तीची सोडून ठेवली नव्हती.

मग आम्ही गाडी घेऊन द्वारकेकडच्या एका गॅरेजमध्ये गेलो. तिथले मिस्त्री, सगळे त्यांना चाचा म्हणतात, चाळीस वर्षं जुन्या गाड्याच खोलतात. मी त्यांना आमची ड्रॉइंग दाखवली. त्यांनी चष्मा लावला, सगळं नीट बघितलं, चहा मागवला आणि विचारलं, “बेटी, पट्ट्याला जोड असतो का?”

मी म्हटलं, नाही. पट्टा अखंड असतो.

“मग आत घालणार कसा?”

वाचकहो, चार इंजिनिअर (होऊ घातलेले) एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. चेनला लॉक असतं. लॉक उघडलं की चेन साप सोडावा तशी बाहेर येते. पट्ट्याला लॉक नाही. चेनचा फेरा चिमट्याच्या पिव्होटला वेढा घालून जातो. म्हणजे अखंड पट्टा घालायचा तर आधी चाक काढा, चिमटा काढा. पुढचं स्प्रॉकेट बुलेटमध्ये क्लचच्या मागे दडलेलं असतं. म्हणजे प्रायमरीचं कव्हर उघडा, तेल सांडा, प्रायमरी चेन काढा, क्लच काढा, मग कुठे पुली दिसणार. गॅरेजमध्ये हे सगळं एकदा करणं ठीक आहे. पण पट्टा रस्त्यात तुटला तर?

दुसरा प्रश्न चाचांनी हाताने विचारला. त्यांनी गाडी मधल्या स्टँडवरून उतरवली, सीटवर जोरात बसले आणि मला म्हणाले, चेन बघ. चिमटा वर-खाली झाला की चेन सैल-घट्ट होत होती. कारण चिमट्याची बिजागरी एका जागी आणि स्प्रॉकेटचं केंद्र दुसऱ्या जागी. खड्ड्यातून गेलं की दोन स्प्रॉकेटमधलं अंतर बदलतं. चेन हे सहन करते, कारण तिला बोटभर सैल ठेवतात. दातेरी पट्टा सैल ठेवला तर दात उडी मारतात आणि घट्ट ठेवला तर बेअरिंगचा जीव घेतो. पट्ट्याच्या गाड्यांमध्ये ही जागा पहिल्या रेघेपासून विचार करून ठरवलेली असते. आमच्या गाडीची पहिली रेघ इंग्लंडमध्ये रेडिचला पडली होती आणि ती चेनसाठी पडली होती. १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया सुरू झाली तेव्हा डिझाईनही तिकडून आलं. मधल्या काळात सैन्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांनी ती गाडी आपलीशी केली, पण ती रेघ बदलली नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात वाईट. या बुलेटचं मागचं स्प्रॉकेट वेगळं नाही, ब्रेकच्या ड्रमलाच दात आहेत. तिथे पुली बसवायची तर ते ३८ दात लेथवर उडवायचे. चाचा म्हणाले, “दात बसवणारे डॉक्टर माणसांचे असतात बेटी, ड्रमचे नाहीत.” दुसरा ड्रम घेऊन करता आलं असतं, हेही त्यांनीच सांगितलं. पण आमच्या ड्रॉइंगमध्ये आम्ही काय लिहिलं होतं? ‘मूळ ड्रम मशीन करणे.’ आजोबांना न विचारता.

तरी हट्ट गेला नव्हता. तो गेला ओझरच्या अलीकडे.

गाडी परत पिंपळगावला न्यायची म्हणून शनिवारी मी आणि माझी रूममेट आग्रा रोडने निघालो. आम्ही मोजमापात इतके गुंतलो होतो की आहे त्या चेनकडे कुणी बघितलंच नव्हतं. आडगाव गेलं, आणि थोडं पुढे ‘खट्’ असा आवाज झाला. इंजिन मोकळं ओरडायला लागलं, गाडी थांबली. चेन रस्त्यावर मागे पडलेली. ऊन, ट्रक, दोन मुली आणि ५४ वर्षांची गाडी. मी चेन ओढणीत गुंडाळून (ओढणी गेली, हे सांगायला नकोच) शेजारच्या ट्रॅक्टर दुरुस्तीच्या दुकानात गेले. तिथल्या मुलाने चेन बघितली आणि म्हणाला, “पाच सुताची ना?” डब्यातून एक लॉक काढलं, शेतीच्या कुठल्याशा अवजाराचं. रुंदीही जुळली, नशीब! तुटलेली कडी काढली, लॉक घातलं, क्लिपचं तोंड कुठल्या बाजूला ठेवायचं ते मला दाखवलं. मिटलेली बाजू चेन ज्या दिशेला पळते तिकडे, म्हणजे क्लिप निसटत नाही. मी घड्याळ लावलं होतं. एकोणीस मिनिटं. पैसे विचारले तर म्हणाला, “बुलेट कोणाची? मग राहू द्या.” आजोबांना तो ओळखत होता.

तिथे उभ्या-उभ्या माझ्या डोक्यात तोच प्रसंग पट्ट्याने घडला असता तर कसा झाला असता ते फिरत होतं. टायरमधून उडालेला एक खडा पुली आणि पट्ट्याच्या मध्ये सापडला, आतले धागे कापले गेले, पट्टा तुटला. जवळ स्पेअर पट्टा असता तरी चिमटा आणि क्लच काढल्याशिवाय तो चढला नसता. आणि त्या मापाचा पट्टा ओझरलाच काय, नाशकातसुद्धा कुणी ठेवत नसणार. गाडी टेम्पोत घालावी लागली असती. आजोबांच्या गाडीची दुरुस्ती जिल्ह्यातल्या कुठल्याही पोराला येत होती. आम्ही ती फक्त चार जणांना येईल अशी करून ठेवणार होतो, आणि ते चार जण पुढच्या वर्षी प्लेसमेंट होऊन पुण्या-बंगळुरूला गेलेले असणार होते.

हेच माझं मत आहे. एखादी वस्तू चांगली की वाईट हे फक्त तिची कार्यक्षमता किती टक्के यावर ठरत नाही. ती बंद पडल्यावर तिला कोण, कुठे, कशाने चालू करू शकतं यावरही ठरतं. हे आपल्या डिझाईनच्या वहीत नसतं. ते ओझरच्या डब्यात असतं.

कायद्याचंही थोडं बोलते, कारण होस्टेलमध्ये गाडी ‘मॉडिफाय’ करायची हौस सगळ्यांनाच आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतले तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी जुळणार नाहीत असा बदल गाडीत करता येत नाही. सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये हे ठणकावून सांगितलं. २०२१ मध्ये जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम आले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. पण चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात बदल केलेला चालत नाही. (आणि अशी नोंदणी केली की गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर काढता येते. आजोबा रोज बागेत जाणार, त्यांना ही नोंदणी नकोच आहे.) आता कुणी म्हणेल, चेनचा उल्लेख आर.सी.मध्ये कुठे असतो? बरोबर, नसतो. पण पट्ट्यासाठी चिमटा कापला, तर तो चॅसिसचा भाग धरायचा की नाही यावर वाद घालता येईल. मला तो वाद आर.टी.ओ.च्या खिडकीसमोर रांगेत उभं राहून घालायचा नाहीये.

मग आम्ही काय केलं? उत्तर आमच्या पार्किंगमध्येच उभं होतं. मेसच्या काकांची स्प्लेंडर. तिची चेन पूर्ण झाकलेली आहे. त्याच्याही आधी, म्हैसूरच्या आयडियल जावाच्या कारखान्यातून १९६० च्या दशकात जावा आणि मग येझदी निघायच्या, त्यांची चेन पूर्ण बंद पेटीत असायची, जोडाला रबरी नळ्या. तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, पण त्या पेटीतली चेन आजही चिखलातून कोरडी येते. म्हणजे ज्या प्रश्नासाठी आम्ही ड्रम कापायला निघालो होतो तो तेल, धूळ आणि पदराचा प्रश्न जुन्या लोकांनी पत्र्याच्या पेटीने सोडवून ठेवला होता!

आम्ही सातपूरच्या एका शेडमध्ये पत्रा वाकवून घेतला. पेटी दोन भागांत, गाडीला आधीपासून असलेल्या भोकांवरच बोल्ट. एकही नवं भोक पाडलं नाही. चेन ताणायला चाक मागे सरकवलं की पेटीही सरकायला हवी, म्हणून लांबट खाचा ठेवल्या. खाली तेल गळायला एक छोटं भोक, वर चेन तपासायला झाकण. पहिली पेटी इतकी खडखडली की आजोबा म्हणाले, “डब्यात दगड घातलेत का?” दुसऱ्या वेळी मध्ये रबर दिलं. नवीन चेन टाकली. काढून ठेवलेलं साडी गार्ड माळ्यावर सापडलं, ते घासून बसवलं. केंद्रीय मोटार वाहन नियमांमधला १२३ वा नियमच आहे की मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाणार नाहीत अशी सोय दुचाकीला हवी. तो नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कुणाची तरी आजी असणार.

आता खरी मेख. रिव्ह्यूमध्ये आम्हाला विचारलं गेलं, “यात नावीन्य काय?” आम्हाला उत्तर देता आलं नाही. खरंच काहीच नावीन्य नव्हतं. पट्टा बसवला असता, ड्रम कापला असता, गाडी शेडमध्ये दोन मीटर चालली असती आणि नंतर कायमची बंद पडली असती, तर नावीन्याचा रकाना भरला असता. सरांवर माझा राग नाही. रकाना छापलेला असतो, तो भरावाच लागतो. पण सर्व शिक्षकांना या लेखातून एक नम्र विनंती आहे. त्या रकान्याशेजारी अजून दोन रकाने छापा. एक, ‘प्रोजेक्ट संपल्यावर वस्तू चालू आहे का?’ आणि दुसरा, ‘केलेला बदल परत काढता येतो का?’ दरवर्षी किती सायकली, पंप, मोटारी आपण ‘रूपांतर’ करून वर्कशॉपच्या मागे भंगारात टाकतो, एकदा मोजून बघा. ते भंगार कधीकाळी कुणाच्या तरी आजोबांचं होतं.

यावर माझ्या रूममेटचा आक्षेप असा, की अशाने कुणी काही नवीन करणारच नाही. सगळे दुरुस्तीच करत बसले तर शोध कोण लावणार? मुद्दा बरोबर आहे. परदेशात नॉर्टनसारख्या जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या प्रायमरीला लोक हौसेने दातेरी पट्टा बसवतात, आणि तो चांगला चालतो. तिथे दोन केंद्रांमधलं अंतर बदलत नाही, जागा कव्हरच्या आत असते, आणि जुने भाग जपून ठेवले तर सगळं परत पूर्ववत करता येतं. असं कुणी केलं तर मी टाळ्या वाजवीन. भंगारातून आणलेल्या, आधीच कापलेल्या सांगाड्यावर पट्ट्याचा प्रयोग करा, मी पाने धरायला येईन. माझी अट एवढीच: परत फिरता येईल असा बदल करा. जिथून परत फिरता येत नाही तिथे मालकाला विचारा, आणि जुन्या गाडीचा मालक नुसता आर.सी.वर नाव असलेला माणूस नसतो. मागे बसणारीही असते.

आणि होस्टेलच्या मित्रांनो, पट्टा-बिट्टा राहू द्या, आधी तुमच्या आहे त्या चेनकडे बघा. पाच सुताच्या चेनच्या वीस कड्या ताणून मोजा. नवीन असताना ३१७.५ मि.मी. भरतात. ३२३-३२४ भरल्या की समजा दोन टक्के लांबली, बदला. नुसती चेन बदलू नका, झिजलेले दात नव्या चेनला खातात. तार-ब्रशने इंजिन चालू ठेवून चेन पुसू नका, बोटं दहाच असतात. मला ओझरला जी अक्कल आली ती तुम्हाला पार्किंगमध्ये आलेली बरी.

गाडी आता पिंपळगावला आहे. आजोबांचा लेंगा पांढरा आहे, फोनवर ते मला दर आठवड्याला सांगतात. आजी अजून गाडीवर बसलेली नाही. पण परवा तिने पेटीवरून हात फिरवला, साडी गार्ड हलवून बघितलं आणि म्हणाली, “बघू, द्राक्षं निघाली की.” आमच्या रिव्ह्यूचे मार्क अजून लागायचेत. मला विचाराल तर निकाल द्राक्षांच्या हंगामानंतर लागणार आहे.

पटलं तर घ्या, नाही पटलं तर मेसच्या डाळीसारखं बाजूला सारा!

— टी.ई. मेकॅनिकल, मुलींचे वसतिगृह